जिवंत जीवाणूंचा औषधी उपयोग : कोली ते जनुकीय बीसीजी – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

जीवाणू म्हणजे मानवाचा शत्रू, ही धारणा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाली. परंतु त्याच काळात काही संशोधकांनी या शत्रूलाच औषध म्हणून वापरण्याचे धाडस केले. जिवंत जीवाणू शरीराची प्रतिकारशक्ती जागृत करतो. मात्र तोच जीवाणू रुग्णाचा जीवही घेऊ शकतो. परिणामकारकता आणि सुरक्षितता यांची सांगड वैद्यकशास्त्राने कशी घातली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विल्यम कोलीचे प्रयोग :

न्यूयॉर्क येथील शल्यचिकित्सक विल्यम कोली (१८६२–१९३६) यांच्या एका तरुण रुग्णाचा १८९१ च्या प्रारंभी हाडाच्या कर्करोगाने मृत्यू झाला. व्यथित झालेल्या कोलींनी रुग्णालयातील जुन्या नोंदी तपासल्या. मानेवर गाठ असलेल्या एका रुग्णाला विसर्प हा त्वचारोग झाला आणि त्यानंतर त्याची गाठ नाहीशी झाली, अशी नोंद त्यांना आढळली. कोलींनी त्या रुग्णाचा शोध घेतला, तेव्हा तो निरोगी होता. त्याच वर्षी त्यांनी कर्करुग्णांना विसर्पाचे जिवंत स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू टोचण्यास प्रारंभ केला. काहींच्या गाठी आकसल्या; मात्र काही रुग्ण संसर्गानेच दगावले. परिणामी कोली मृत जीवाणूंच्या मिश्रणाकडे वळले. ‘कोलीचे विष’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मिश्रणाचे परिणाम एकसारखे नसत. पुढे क्ष-किरणोपचाराचा प्रसार झाल्यावर ही पद्धत मागे पडली.

बीसीजी : क्षीण केलेला जिवंत जीवाणू :

फ्रान्समधील लील येथे अल्बर्ट काल्मेट आणि कामीय गेरँ यांनी दुसरा मार्ग अवलंबला. जीवाणूला न मारता त्याची रोगकारक शक्तीच क्षीण करावयाची, हा तो मार्ग होय. १९०८ पासून तेरा वर्षे त्यांनी गुरांच्या क्षयाचा जीवाणू बटाटा व पित्त यांच्या माध्यमावर २३० वेळा पुनःपुन्हा वाढविला. १९२१ मध्ये पॅरिस येथे एका नवजात अर्भकाला ही लस प्रथम देण्यात आली.

या लसीवरील विश्वासाला १९३० मध्ये जर्मनीतील ल्युबेक शहरी जबर धक्का बसला. तेथे लस दिलेल्या सुमारे २५० अर्भकांपैकी ७२ अर्भके मृत्यू पावली. चौकशीअंती निष्पन्न झाले की, स्थानिक प्रयोगशाळेत लसीमध्ये क्षयाचा घातक जीवाणू मिसळला गेला होता. दोष लसीचा नव्हता, हाताळणीचा होता.

बीसीजीचा कर्करोगाशी संबंध कालांतराने स्पष्ट झाला. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड व सहकाऱ्यांनी बीसीजी दिलेल्या उंदरांत गाठींना प्रतिकार होतो, असे दाखविले. १९७६ मध्ये कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडून केलेल्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९० मध्ये अमेरिकेत या उपचारास मान्यता मिळाली. कोलींची कल्पना अशा रीतीने जवळजवळ शंभर वर्षांनी मान्यताप्राप्त उपचारात उतरली.

जनुक अभियांत्रिकीचे युग :

बीसीजीचे क्षीणीकरण योगायोगावर अवलंबून होते. त्यात कोणती जनुके गळली, हे तिच्या निर्मात्यांना ठाऊक नव्हते. जनुक अभियांत्रिकीमुळे हा बदल हेतुपुरस्सर करणे शक्य झाले. मात्र केवळ सुरक्षित जीवाणू पुरेसा नसतो, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखवून दिले. प्रगत कर्करोगाच्या २५ रुग्णांना ‘व्हीएनपी २०००९’ हा क्षीण केलेला साल्मोनेला जीवाणू शिरेवाटे देण्यात आला. तो बहुतांशी सहन झाला. परंतु मोजक्याच रुग्णांच्या गाठींत तो वस्ती करू शकला आणि एकाही रुग्णाची गाठ आकसली नाही.

बर्लिन येथील माक्स प्लांक संस्थेत स्टेफान काउफमान यांच्या गटाने बीसीजीमध्येच बदल केला. तिचे युरिएज जनुक काढून टाकून लिस्टेरिया जीवाणूतील लिस्टेरिओलायसिन या प्रथिनाचे जनुक घालण्यात आले. त्यामुळे पेशीतील ज्या पोकळीत जीवाणू अडकतो, तिच्या आवरणाला छिद्रे पडतात आणि प्रतिकारयंत्रणा अधिक प्रभावीपणे जागृत होते. ‘व्हीपीएम १००२’ या लसीच्या विकासाची धुरा पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली. २०१९ मध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांवर तिची मोठी चाचणी भारतात सुरू झाली. नेहमीच्या बीसीजीनंतरही मूत्राशयाचा कर्करोग उलटलेल्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे निम्म्या रुग्णांच्या मूत्राशयात ६० आठवड्यांपर्यंत रोग परतला नाही. तथापि या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

कोलींचा जीवाणू प्रबळ होता, पण त्यांच्या ताब्यात नव्हता. साल्मोनेला ताब्यात होता, पण दुर्बल ठरला. बीसीजी या दोहोंच्या मध्ये टिकून राहिली. जीवाणूला किती क्षीण करावे आणि किती जिवंत ठेवावे, हाच या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. जनुक अभियांत्रिकीने त्याचे उत्तर शोधण्याची साधने दिली. परंतु ल्युबेकने शिकविलेला धडा कोणतेही जनुक बदलून कालबाह्य होणार नाही. जीवाणू कितीही सौम्य असो, प्रयोगशाळेतील दक्षतेला पर्याय नाही.