हंड्याचा हिशेब

अर्थसंकल्प म्हणजे जमाखर्चाचे रूक्ष आंकडे. त्यांत स्त्रीपुरुषभेद कोठून येणार, अशी आपली सामान्य समजूत असते. मुंबईच्या उपनगरांचा इतिहास मात्र ती खोडून काढतो. १९५७ सालीं महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगांव मुंबईंत आलें. पण नळाचें पुरेसें पाणी त्या वेगानें आलें नाहीं. जलवाहिन्यांवर न झालेला खर्च वांचला, असें कोणी म्हणेल. वस्तुतः तो गृहिणीच्या झोपेंतून व श्रमांतून वसूल झाला. तिच्या डोक्यावरील हंड्याला पालिकेच्या वहींत खातें नव्हतें. १९६१ सालीं गोरेगांवांतून महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांनीं पाण्याचा प्रश्न सभागृहांत व रस्त्यावर नेटानें लावून धरला. लोकांनीं त्यांना 'पाणीवाली बाई' हें नांवच दिलें.

या विचाराला राज्यकारभारांत रीतसर रूप पुढें लाभलें. ऑस्ट्रेलियानें १९८४ सालीं, आणि भारत सरकारनें २००५-०६ पासून, स्त्रियांसाठीं होणाऱ्या खर्चाचें स्वतंत्र विवरण अर्थसंकल्पास जोडलें. तरीहि २०११ सालीं मुंबईंतील स्त्रियांना सार्वजनिक मुताऱ्यांसाठीं चळवळ उभारावी लागली. पुरुषांना विनामूल्य मिळणाऱ्या सोयीसाठीं त्यांना पैसे मोजावे लागत होते.

तात्पर्य, केवळ विवरण जोडल्यानें न्याय होत नाहीं. खर्चिलेल्या रकमेइतकीच न खर्चिलेली रकमहि तपासावी लागते. आणि तिचा भार कोणाच्या डोक्यावर गेला, हें विचारावें लागतें.