कागदाचे गावकूस



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तुम्हीही चार ओळी लिहा, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. आम्ही साच्यावर उभे राहणारे गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत; पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. तेव्हा विद्वानाची भाषा आमच्याकडून होणार नाही. पण राजांच्या लढाया हा जसा इतिहास, तसा माणसाला कुठे राहू दिले आणि कुठे राहू दिले नाही, हाही इतिहासच आहे. आज आम्ही एका शहरातल्या घरांचा इतिहास सांगणार आहोत. शहर साता समुद्रापलीकडचे आहे; पण वाचताना ते ओळखीचे वाटेल.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस नावाचे शहर आहे. मिसिसिपी नदीच्या धबधब्याकाठी ते वाढले. पाण्याच्या जोरावर तिथे पिठाच्या प्रचंड गिरण्या चालत. १८८० पासून पुढे सुमारे पन्नास वर्षे पीठ दळण्यात हे शहर जगात पहिले होते. १८७८ साली पिठाच्या धुळीचा भडका उडून १८ कामगार गेले, तेही याच शहरात. पुढे गिरण्या बंद पडल्या. जळक्या गिरणीच्या भिंतींत २००३ साली संग्रहालय उघडले आणि आजूबाजूला महागडी घरे झाली. हे वाचून गिरणी कामगाराच्या पोटात काय कालवते, ते आपल्या वस्तीला सांगायला नको.

या शहरात १९१० साली एका प्लॉटचे खरेदीखत झाले. त्यात एक अट घातलेली होती : ही जागा चिनी, जपानी, तुर्की, निग्रो अशा वंशांच्या माणसाला कधी विकता येणार नाही, की भाड्याने देता येणार नाही. त्या शहरात सापडलेले अशा अटीचे हे सर्वात जुने खत. मग एकाचे पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने तीच अट घातली. बिल्डर तर नव्या वसाहतीच्या सगळ्या प्लॉटांवर ती आधीच छापून ठेवी. अशी आठ हजारांहून जास्त खते एकट्या मिनियापोलिसमध्ये आता सापडली आहेत. आपल्याकडे गावकूस मातीचे आणि दगडाचे होते. तिथले कागदाचे होते, एवढाच फरक.

इथे बाबासाहेबांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. नेमक्या त्याच वर्षांत तिकडे ही खते लिहिली जात होती. १९१७ साली एवढा शिकलेला माणूस बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तर त्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि ओळख पटताच काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. त्याच १९१७ साली, नोव्हेंबर महिन्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. लुईव्हिल या शहराने काळ्यांनी कोणत्या गल्लीत राहायचे याचा कायदा केला होता. न्यायालयाने तो रद्द ठरवला. मग झाले काय? सरकारला जे करता येईना, ते घरमालक आपसांतल्या कराराने अधिकच करू लागले. कायद्याचा दरवाजा बंद झाला की अन्याय खिडकीतून कसा शिरतो, हे इथे दिसते.

कागदावरची अट प्रत्यक्षात कशी असते, ते १९३१ साली दिसले. आर्थर ली हे टपाल खात्यातले कृष्णवर्णीय कर्मचारी. पहिल्या महायुद्धात देशासाठी फ्रान्सच्या भूमीवर गेलेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एडिथ यांनी शहराच्या दक्षिण भागात कोलंबस अव्हेन्यूवर एक लहान घर घेतले. त्या भागातल्या घरमालकांनी फक्त गोऱ्यांनाच घर विकायचे, असा करार आधीच केलेला होता. मग घरासमोर माणसे जमू लागली. शंभराची हजार झाली, हजारांची काही हजार झाली. घरावर दगड आले, काळा रंग फेकला. ली हटले नाहीत. त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या वकील लीना ऑलिव्ह स्मिथ, मिनेसोटातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील. कायद्याने ली यांचा हक्क टिकला. पण मूलबाळ घेऊन पहाऱ्यात किती दिवस राहायचे? १९३३ साली त्यांनी ते घर सोडले. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांचा ज्या चौकात पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तो चौक या घरापासून मैलभरावर आहे.

१९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असली अट कोणत्याही न्यायालयाला अमलात आणता येणार नाही. १९५३ साली मिनेसोटाने नवी अट घालायला बंदी केली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि त्यानंतर आठवड्याभरात घराच्या व्यवहारात वंशभेद करणे देशभर बेकायदा ठरले. आता कोणीही म्हणेल, झाले, प्रश्न मिटला.

मिटला नाही. कारण दुसरा एक कागद शिल्लक होता, आणि त्यात वंशाचे नाव कुठेच नव्हते. १९२४ साली मिनियापोलिसने जमीन-वापराचे नियम केले. कारखाना कुठे, दुकान कुठे, घरे कुठे, हे ठरवणारे. त्यात चांगलेही होते. कारखान्याचा धूर घरात येऊ नये असे कोणाला वाटणार नाही? पण हे नियम पुढच्या काळात आवळत गेले. शहराच्या राहत्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमिनीवर असे ठरले की, एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे एकच स्वतंत्र घर. दोन कुटुंबांचे जोडघर नाही, चाळीसारखी इमारत तर नाहीच. ज्याला अख्खा प्लॉट घेणे परवडते त्याने यावे, बाकीच्यांनी बाहेर राहावे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना घर घेऊ दिले नाही, बँकेने कर्ज दिले नाही, त्यांच्याकडे तेवढा पैसा येणार कुठून? अक्षरे पुसली, भिंत तशीच राहिली.

आम्हाला हे पटकन कळले, कारण आम्ही ते भोगले आहे. काही वर्षांपूर्वी मुलासाठी भाड्याची खोली पाहायला गेलो. खोली पसंत पडली, डिपॉझिट ठरले, चावी हातात यायची तेवढी बाकी. तेवढ्यात मालकाने आडनाव विचारले. थोड्या वेळाने आतून निरोप आला की, खोली आता पाहुण्यांना द्यायची आहे. त्या घराच्या कोणत्याही कागदावर जात लिहिलेली नव्हती. मुलगा गाडीवर बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मिनियापोलिसच्या लोकांनी मात्र गप्प बसायचे नाही असे ठरवले. २०१६ पासून तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जुनी खरेदीखते शोधायला घेतली. ती वाचायला हजारो साधी माणसे पुढे आली : शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त लोक. एकेक खत नकाशावर मांडले, आणि कोणत्या गल्लीत कोणाला मज्जाव होता हे सगळ्यांना दिसले. ७ डिसेंबर २०१८ रोजी नगर परिषदेने १२ विरुद्ध १ मतांनी नवा आराखडा मंजूर केला. १ जानेवारी २०२० पासून राहत्या भागातल्या प्लॉटवर तीन घरांपर्यंत बांधायला परवानगी मिळाली. सबंध शहरातून एकाच घराची सक्ती काढून टाकणारे अमेरिकेतले हे पहिले मोठे शहर. एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याला एकच घर बांधायचे, त्याला कोणी अडवले नाही. फक्त दुसऱ्याला अडवायचा अधिकार गेला.

विरोध पुष्कळ झाला. झाडे जातील, गाड्या लावायला जागा उरणार नाही, फायदा बिल्डरांचाच होईल, असे लोक म्हणाले. यातले सगळेच खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. पर्यावरणाच्या कायद्याखाली खटला गेला आणि न्यायालयाने काही काळ आराखडा थांबवलाही. २०२४ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो अडथळा दूर केला.

फळ काय मिळाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तीन-तीन घरांच्या इमारती थोड्याच झाल्या. नवी घरे जास्त करून बसच्या मोठ्या रस्त्यांवरच्या इमारतींत झाली, कारण तिथलेही नियम शहराने सैल केले होते. २०१७ ते २०२२ या काळात शहरातली घरे १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडे वाढले अवघे १ टक्का. उरलेल्या राज्यात भाडे १४ टक्के वाढले. भाडेकरू कुटुंबासाठी ही लहान गोष्ट नाही. पण मालकीचे घर असण्यातली गोऱ्या-काळ्यांची दरी काही नियम बदलल्याने बुजली नाही. भिंत पाडली म्हणून पलीकडे घर आपोआप उभे राहत नाही. त्यासाठी कर्ज, नोकरी आणि पैसा लागतो. भिंत पाडणे हे पहिले काम आहे, शेवटचे नव्हे.

आपल्याकडे? अमेरिकेच्या न्यायालयाने १९४८ साली ज्या अटीचा हात सोडला, तशा जातीची अट आपल्याकडे २००५ साली टिकली. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीत सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. तेव्हा आपल्या कागदाच्या गावकुसाचे काम अजून बाकी आहे.

म्हणून आमची एक विनंती आहे. मिनियापोलिसच्या भिंतीला पहिला धक्का बसला तो वाचणाऱ्यांमुळे. आपल्या प्रत्येक घरात आता शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे. सोसायटीचे उपविधी, घराचा करारनामा, शहराचा विकास आराखडा, हे कागद आपल्याला कळत नाहीत म्हणून आपण बाजूला ठेवतो. रविवारी वंदना झाल्यावर तासभर बसून ते एकत्र वाचू या. ज्याला जे कळेल त्याने ते दुसऱ्याला सांगावे. आमच्या मुलाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. त्याच्या मुलीला देता यावे, एवढीच इच्छा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!