एक रत्तल

उष्मांक हा शब्द आपल्या बापजाद्यांना माहीत नव्हता. पण त्याचं माप त्यांच्या अंगावर केव्हाच पडलं होतं.

वाशीच्या घाऊक बाजारात गोण पाठीवर घेऊन पळणारा माथाडी बघा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा २०२० चा तक्ता सांगतो, ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामाला दिवसाला २११० उष्मांक लागतात, जड कामाला ३४७०. म्हणजे गादीवरचा शेठ आणि त्याचा हमाल यांच्या ताटात तेराशेचा फरक हवा, आणि जास्तीचं हमालाच्या ताटात हवं. तसं आहे का, हे प्रत्येकानं आपल्या घरात बघावं. किती खायचं, हे आपल्याकडे शरीर क्वचितच ठरवतं. ठरवणारे दुसरेच असतात, आणि त्यांचा इतिहास आहे.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. दख्खन जळत होतं. सर रिचर्ड टेंपल हा साहेब १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात हात सैल सोडून ब्रह्मदेशातून तांदूळ आणणारा. माणसं वाचली, पण साहेबाला उधळपट्टीबद्दल बोल लागले. तोच साहेब १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनचा दूत म्हणून काटकसर शिकवायला बाहेर पडला. पुढं त्याच वर्षी तो मुंबईचा गव्हर्नरही झाला. त्यानं मजुरी ठरवली : दिवसाला एक रत्तल धान्य, वर मीठमिरचीपुरते थोडे पैसे. बाईला, पोराला त्याहून कमी. त्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची.

आता हिशेब मांडू. एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्या ज्वारीत साडेपंधराशेच्या आसपास उष्मांक. पन्नास-पंचावन्न किलोचा पुरुष काही न करता नुसता पडून राहिला, तरी छाती, मेंदू, अंगाची ऊब यांनाच दिवसाला तेरा-चौदाशे लागतात. उरले दोनशे. खडी फोडताना ते तासाभरात संपतात. बाकीचा दिवस माणूस स्वतःलाच खातो. आधी चरबी, मग मांस.

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हे उघड सांगितलं. त्यांनी दीड रत्तल धान्य, वर डाळ-भाजी मागितली. मार्चमध्ये मद्रास सरकारनं सव्वा रत्तल आणि थोडी डाळ दिली. आपल्याकडं, मुंबई इलाख्यात, लोकांनी डॉक्टरची वाट पाहिली नाही. एक रत्तल लागू होताच हजारो मजूर दुष्काळी काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांचा संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं आणि गणेश वासुदेव जोशींनी त्यांची बाजू सरकारकडं लावून धरली. सभा कुणाची होती हे आपल्याला ठाऊक आहे, तरी ज्याचं त्याला द्यावं. त्याच १८७७ मध्ये जोतिराव आणि सत्यशोधक मंडळी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या पोरांना जेवू घालत होती. ब्रिटिश मुलखात या दुष्काळानं सुमारे ५५ लाख माणसं खाल्ली.

टेंपलचं एक रत्तल पुढं प्रयोगशाळेतही आलं, वेगळ्या नावानं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी लढाईला नकार देणारे ३६ धडधाकट तरुण सहा महिने अर्धपोटी ठेवले. रोजचं खाणं जवळजवळ तेवढंच, दीड हजाराच्या वर थोडं. वजन चतुर्थांशानं घटलं. नाडी मंद झाली, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, हसणं-बोलणं संपलं, डोक्यात सतत अन्न. पडून राहताना लागणारा उष्मांकसुद्धा चाळीसेक टक्क्यांनी खाली आला. शरीर जमाखर्च असा जुळवतं. जमा वाढत नसेल तर ते खर्च कापतं, आणि कापायला त्याच्याजवळ जीवच असतो. आपल्या माणसाला बिनदिक्कत 'आळशी' म्हणणाऱ्यांनी हे पान वाचावं.

महारवतन दुसरं काय होतं? राबण्याला तास नाही, भाकरीला माप नाही, आणि जी मिळेल ती शिळी, दारात उभं राहून मागितलेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं. कायद्यानं वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानंतर. मला यात एक गोष्ट मोठी वाटते. त्यांनी पोटापुरतं मागितलं नाही, खर्चाच्या बाजूलाच हात घातला. १९२८ मध्येच कौन्सिलात गिरणीतल्या बाईच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली. मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला. रोजचा एक तास वाचला, म्हणजे दोन भाकरी वाचल्या.

स्वातंत्र्यानंतर भूक मोजायचं काम पुण्यात आलं. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबीची रेषा २२५० उष्मांकांवर आखली. पां. वा. सुखात्मे म्हणाले, शरीर यंत्रासारखं नसतं. त्याच माणसाची गरज आज कमी, उद्या जास्त असते, कमी खाऊनही ते तोल सांभाळतं, म्हणून भुकेल्यांचा आकडा फुगलाय. माणसागणिक, दिवसागणिक गरज बदलते हे खरंच आहे. पण १९८२ मध्ये सुखात्म्यांनीच संपादित केलेल्या ग्रंथात सेक्लर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं त्यापुढची उडी मारली : गरिबांची पोरं लहानखुरी, पण निरोगी! डॉ. गोपालन यांनी १९८३ मध्ये उलट विचारलं, लहान चांगलं ते फक्त गरिबासाठीच का, श्रीमंतासाठी का नाही? दोस्तहो, हा वाद पंडितांचा वाटतो. पण तोल सांभाळला असं म्हणताना पोराची उंची, बाईचं रक्त, माणसाची उमेद कुठल्या खात्यात टाकली, हे विचारणं आपलं काम आहे.

पंडितांचा वाद पेटायच्या आधीच, १९७२ च्या दुष्काळात लोक पुन्हा खडी फोडत होते. हातात सुकडी, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. त्यातली काही कुटुंबं गाव सोडून मुंबईच्या बाजूला आली आणि तुर्भ्याच्या, नेरूळच्या दगडखाणींत राहिली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचं नवं शहर त्या डोंगराच्या दगडावर उभं राहिलं. मजुरी ब्रासवर, म्हणजे दगड भरेल तेवढी. पोट रिकामं असेल तर ब्रास कमी, ब्रास कमी तर पोट अजून रिकामं.

कागदावर किमान वेतनाचं सूत्रही उष्मांकाचंच आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं माणशी २७०० धरले, तेही मध्यम कामाचे. जड कामाचे नव्हेत. कुटुंबाचे उपभोग-एकक तीन. कमावणारा एकच, बायकोची कमाई धरायची नाही. प्रचलित हिशेबात पुरुष एक, मुलं प्रत्येकी ०.६. खाणीत नवऱ्याच्या बरोबरीनं पाटी उचलणारी, घरी येऊन चूल पेटवणारी आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई, ०.८.