दारातली वही

दोन वर्षांपूर्वी लोकलमधून उतरताना माझा फोन गेला. गेला म्हणजे खिशातून काढला गेला. धक्काही कळला होता, मागे वळेपर्यंत गर्दी पुढे सरकली होती. चौकीत हवालदारांनी शांतपणे विचारलं, “चोरीलाच गेला असं कशावरून म्हणता? पडलाही असेल.” तासाभराने हातात कागद आला. त्यावर शब्द होता ‘गहाळ’. नवं सिम मिळवायला तो पुरेसा होता, त्यामुळे मीही वाद घातला नाही. मुंबईतली एक चोरी अशी आम्ही दोघांनी मिळून कमी केली.

चौकीच्या वहीत न उतरलेला गुन्हा मोजायचा कसा? वस्तीत घरोघर जाऊन ‘गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय काय झालं?’ असं विचारायचं, हे उत्तर आज इतकं साधं वाटतं की ते सुचायला एवढा काळ का लागला याचंच नवल वाटावं.

गुन्ह्यांचे आकडे देशभरातून गोळा करून दर वर्षी छापायला फ्रान्सने 1827 मध्ये सुरुवात केली. 1825 सालच्या खटल्यांचे ते तक्ते होते. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याला त्यात ग्रहगतीसारखी नियमितता दिसली. उघडकीला न आलेले गुन्हे या तक्त्यांत नाहीत, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या गुन्ह्यांचं प्रमाण साधारण कायम राहतं असं त्याने धरून घेतलं आणि तो पुढे गेला. गृहीतक सोयीचं होतं, तपासायचं साधन नव्हतं. पुढे या न दिसणाऱ्या भागाला जर्मनमध्ये नाव मिळालं, ‘डुंकेलझिफर’ म्हणजे अंधारातला आकडा. 1908 मध्ये जर्मनीत प्रबंध लिहिणाऱ्या शिगेमा ओबा या जपानी सरकारी वकिलाकडे या शब्दाचं श्रेय जातं. नाव मिळालं, तरी त्या अंधारात दिवा घेऊन कोणी शिरायला आणखी जवळजवळ साठ वर्षं गेली.

तो शिरला अमेरिकेत. 1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गुन्हेगारीवर आयोग नेमला. पोलिसांचे आकडे वर चढत होते. पण गुन्हे वाढले की नुसती नोंद वाढली, हे पोलिसांच्याच वहीवरून ठरवता येईना. आयोगाने तीन पाहण्या करवल्या. त्यातली मोठी शिकागोच्या ‘नॅशनल ओपिनियन रिसर्च सेंटर’ची, देशभरातल्या दहा हजार घरांची. मला मात्र जवळची वाटते ती अल्बर्ट बिडरमन आणि सहकाऱ्यांची छोटी पाहणी. वॉशिंग्टन शहरातल्या तीन पोलीस ठाण्यांच्या हद्दी घ्यायच्या आणि तिथल्या पाचशेच्या वर रहिवाशांना समोर बसवून विचारायचं. 1966 मध्ये ती झाली. काही प्रकारचे गुन्हे पोलिसांच्या आकड्याच्या तिपटीपासून दहापटीपर्यंत निघाले. तक्रार का केली नाही, असं देशव्यापी पाहणीत विचारल्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर आपल्याकडच्या कोणत्याही नाक्यावर ऐकू येईल असंच आहे: पोलीस काय करणार?

म्हणजे काम सोपं झालं, असं वाटेल. उलट खरी कटकट इथूनच सुरू झाली. पोलिसांची वही अपुरी खरी, पण माणसाची आठवण ही काही तिच्याहून फार बरी वही नव्हे.

आपल्याकडचंच बघा. ‘वर्षभरात घरफोडी झाली का?’ असं विचारलं की आजोबा म्हणणार, झाली ना, दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा. लगेच आतून आवाज येतो, अहो, ती मागल्या दिवाळीत नव्हे, त्याच्या आदल्या. ठसठशीत घटना मनात जवळ सरकते. हा दोष आधी सापडला तो गुन्ह्यांच्या नव्हे, घरदुरुस्तीच्या खर्चाच्या पाहणीत. नेटर आणि वाक्सबर्ग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये तो मांडला. अमेरिकेने 1972 पासून जी कायमची राष्ट्रीय पाहणी सुरू केली, तिने त्यावरचा इलाजही तिथूनच उचलला. एकाच घरी दर सहा महिन्यांनी, सात वेळा जायचं. पहिल्या भेटीत सांगितलेलं हिशेबात धरायचंच नाही. ती फक्त खुंटी ठोकायला, म्हणजे पुढच्या वेळी जुनीच घटना पुन्हा सांगितली तर ओळखता यावी. अनेक वर्षं हा नियम पाळला गेला. घरोघर जाण्याचा एवढा खर्च करून पहिली अख्खी भेट बाजूला ठेवायची, याला धीर लागतो.

दुसरी परीक्षा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत झाली, आणि ती मला या साऱ्या कुळकथेतली सगळ्यात अस्वस्थ करणारी वाटते. संशोधकांनी उलटा रस्ता धरला. पोलिसांकडे तक्रार केलेल्यांचीच नावं घेतली आणि त्यांच्या घरी जाऊन, काही माहीत नसल्यासारखं, विचारलं. अनोळखी माणसाने केलेला हल्ला चारातल्या तिघांनी सांगितला. नातेवाइकाने केलेला हल्ला सांगणारे निघाले शंभरात जेमतेम बावीस. ही सगळी माणसं एकदा चौकीची पायरी चढलेली होती. घरच्या कोचावर मात्र गप्प बसली. याला विसरणं म्हणत नाहीत. शेजारच्या खोलीत सासू बसलेली असताना सून काय सांगणार, हे ओळखायला संख्याशास्त्र लागत नाही.

ब्रिटनमध्ये हे तंत्र आधी वस्तीच्या पातळीवर आलं: लंडनमधले ब्रिक्स्टन, हॅकनी आणि केन्सिंग्टन, 1973. देशव्यापी पाहणी 1982 ची. तिच्या पहिल्या अहवालाने धीराचा सूर लावला: सरासरी माणसाला जबरी चोरी पाचशे वर्षांतून एकदा, घरफोडी चाळीस वर्षांतून एकदा. आकडे बरोबर होते. पण हा सरासरी माणूस राहतो कुठे? जॉक यंग आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या इस्लिंग्टन भागात रहिवाशांना विचारलं, घरातल्या मारहाणीबद्दल जपून आणि वेळ देऊन विचारलं, तेव्हा 1986 च्या अहवालात दिसलं की वर्षभरात तिथल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या घरांना गंभीर गुन्ह्याची झळ लागली होती. भीती मनातली नव्हती, वस्तीतली होती.

त्याच सुमारास मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये, कर्कहोल्ट नावाच्या सरकारी घरांच्या वसाहतीत, विचारण्यातून चक्क उपाय निघाला. घरफोडी झालेली कुटुंबं, त्यांचे शेजारी आणि पकडले गेलेले चोर या तिघांशीही संशोधक बोलले. एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतरांच्या चौपट निघाली. चोरांना लागलेली गोडी होती नाणी टाकून चालणाऱ्या वीज-गॅसच्या मीटरची. प्रत्येक गरीब घरात जणू गल्लाच बसवलेला. मीटर बदलले, फुटलेल्या घरांची कुलपं पक्की केली आणि त्या घराभोवतीच्या पाचसहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या तीन चतुर्थांशांनी घटल्या. सगळ्या वसाहतीवर पहारा बसवावा लागला नाही.

आणि आपण? गुन्ह्याच्या बळींच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत 1992 मध्ये तेव्हाची बॉम्बे होती, 1996 मध्येही. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्हने 2015 मध्ये दिल्ली-मुंबईची पाहणी प्रसिद्ध केली, आयडीएफसी इन्स्टिट्यूटने 2017 मध्ये चार महानगरांतल्या वीस हजारांवर घरांची. त्यानंतरही सरकारी मोजमाप आहे तिथेच आहे. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल 1953 पासून निघतो आणि तो मोजतो ते फक्त नोंदलेले गुन्हे. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा. मग एखाद्या शहराचा आकडा वाढला की वर्तमानपत्रं ‘गुन्हेगारी वाढली’ असा मथळा देतात. ठाणेदार प्रामाणिकपणे नोंदी करू लागला असेल, ही शंका मथळ्यात मावत नाही.

अशी पाहणी आपल्या वस्तीत करायची तर पहिला अडसर गुन्हेगारांचा नाही, सोसायटीच्या वॉचमनचा. ‘सेल्समन व सर्व्हेवाल्यांना प्रवेश नाही’ ही पाटी मी स्वतः सभेत हात वर करून मंजूर केली आहे. तेव्हा विनंती एवढीच, की कधी कोणी वही घेऊन दारात आलंच, ओळखपत्र दाखवलं, तर दोन मिनिटं बसवा. घरातल्या प्रत्येकाशी एकट्याने बोलू द्या. आणि चोरी दिवाळीत झाली म्हणाल, तर कोणत्या दिवाळीत, ते आधी आत विचारून घ्या.