गाजरपारखी

मराठीत ‘गाजरपारखी’ हा एक झकास शब्द आहे. पारख करण्याचा आव आणणाऱ्या पण त्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला आपण तो लावतो. गाजरात पारखायचं ते काय, हे त्यामागचं गृहीतक. गाजराच्या रसाविषयी सध्या जे ऐकू येतं, त्यावरून मात्र वाटतं की या शब्दाचा अर्थ शब्दशः घेण्याची वेळ आली आहे. गाजर खरोखर पारखायला हवं.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. आमचे व्याही तो रोज सकाळी मांडतात, त्यामुळे तो मला पाठ आहे. गाजर शिजवलं की त्यातलं सत्त्व मरतं. कच्चं चावून खाल्लं तर पोटात ते पुरतं फुटत नाही. म्हणून रस काढावा. तो ताजा असावा, फडक्यातून गाळलेला असावा आणि अनशापोटी घ्यावा, म्हणजे थेट रक्तात उतरतो. हळू फिरणाऱ्या महागड्या यंत्रात काढला तर त्यातली ‘एन्झाइम्स’ जिवंत राहतात. वर्षभर नेम पाळला की चष्म्याचा नंबर उतरतो.

या साखळीतली एक कडी पक्की आहे, आणि गंमत अशी की बाकीच्या कड्या तीच तोडते. कच्चं गाजर चावून पुरतं फुटत नाही, हे अगदी खरं. गाजराचा नारिंगी रंग म्हणजे बीटा-कॅरोटिन, आणि ते पेशींच्या आत बारीक स्फटिकांच्या रूपात बसलेलं असतं. पेशीची भिंत चिवट. दात फार थोड्या भिंती फोडतात, बाकीचा माल जसा आला तसा निघून जातो. मिक्सरचं पातं दातांपेक्षा कितीतरी जास्त भिंती फोडतं, म्हणून चावलेल्या कच्च्या गाजरापेक्षा रसातलं कॅरोटिन शरीराला अधिक मिळतं. इथवर व्याह्यांचं म्हणणं मान्य.

पण भिंत फोडणं हाच मुद्दा असेल, तर ते काम विस्तवही करतो. शिजवताना पेशींना सांधणारं पेक्टिन विरघळतं, भिंती सैल होतात आणि कॅरोटिन मोकळं होतं. ज्या युक्तिवादाने रस कच्च्या गाजरावर मात करतो, त्याच युक्तिवादाने शिजलेलं गाजरही मात करतं. मग ‘सत्त्व मरतं’ ते कुठलं? उष्णतेने नासणारं जीवनसत्त्व म्हणजे मुख्यतः ‘क’, आणि ते शंभर ग्रॅम गाजरात सहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं. किलोभर गाजरांतलं ‘क’ पेरूच्या दोन फोडींत भरून निघतं. बीटा-कॅरोटिन घरगुती शिजवण्याला फारशी दाद देत नाही. म्हणजे गाजराची जी खरी पुंजी आहे ती आगीत टिकते, आणि जी जळते ती मुळात नावालाच होती.

आता ‘अनशापोटी, थेट रक्तात’ या कलमाकडे वळू. 1831 साली वाकेनरोडर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाजरातून हे रंगद्रव्य वेगळं काढलं आणि गाजराच्या लॅटिन नावावरून ते ‘कॅरोटिन’ झालं. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. संपूर्ण वादाचा निकाल या एका गुणधर्मात आहे. आतड्यात थोडी तरी चरबी आली की पित्ताशय आकुंचन पावतं, पित्त सुटतं, तेलाचे सूक्ष्म थेंब होतात, आणि त्या थेंबांत बसून कॅरोटिन आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतं. गाळलेल्या रसात चरबी जवळपास नसतेच. रिकाम्या पोटी तो घेतला की वाहनच आलेलं नसतं, प्रवासी मात्र थांब्यावर हजर. लहान चमचाभर तेल किंवा तूप एवढं पुरतं. पण ते हवं.

गाजराची कोशिंबीर आठवा. किसलेलं गाजर, दाण्याचं कूट, लिंबू, वरून हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी. पेशी किसणीने फोडल्या, स्निग्ध कूट आणि फोडणीतून आलं, आणि ती खाल्ली जाते जेवणाबरोबर. (आजीला हे सगळं विज्ञान ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. फोडणी चवीसाठी होती. पूर्वजांच्या खात्यावर नसलेलं ज्ञान जमा करण्याचा उद्योग दुसऱ्या कुणीतरी करावा.) भोगीच्या भाजीतलं गाजरही असंच, तीळ-कूट-तेलात शिजलेलं. गाजर हलव्यात तर तूप आणि दूध दोन्ही. त्यातल्या साखरेचा बचाव करायला मी उभा नाही, पण ‘हलव्यात गाजराचा काही उपयोग उरत नाही’ हे वाक्य मात्र साफ खोटं आहे.

एन्झाइम्सचा मुद्दा दोन वाक्यांत आटोपतो. एन्झाइम हे प्रथिन असतं, आणि जठरातल्या आम्लात प्रथिनाचं जे व्हायचं तेच त्याचं होतं. गाजराची एन्झाइम्स गाजराच्या कामाची. आपलं अन्न पचवायला आपली आपल्याकडे आहेत. हळू फिरणाऱ्या यंत्राने चोथा कोरडा निघतो आणि रस थोडा जास्त मिळतो, हा त्याचा खरा गुण, आणि तेवढ्यासाठी कुणाला ते घ्यायचं असेल तर खुशाल घ्यावं.

आता डोळे. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण ही समजूत घडवण्यात एका सरकारचा मोठा हात आहे. दुसऱ्या महायुद्धात 1940च्या नोव्हेंबरात जॉन कनिंगहॅम या ब्रिटिश वैमानिकाने रात्रीच्या अंधारात एक जर्मन बाँबफेकी विमान पाडलं. ते विमानात बसवलेल्या रडारच्या जोरावर पाडलं होतं. पण रडार हे गुपित. वर्तमानपत्रांतून झळकलं ते असं, की आमचे वैमानिक भरपूर गाजरं खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं. कनिंगहॅमला ‘मांजरडोळ्या’ हे नाव चिकटलं, आणि म्हणे त्याला ते अजिबात आवडत नसे. जर्मन फसले की नाही, हा भाग वेगळा. फसले ते ब्रिटिश नागरिक. साखर रेशनवर होती, गाजरं मुबलक होती, आणि अन्न मंत्रालयाने ‘डॉक्टर गाजर’ नावाचं कार्टून काढून घराघरांत गाजर पोचवलं. युद्ध संपलं, कार्टून विसरलं गेलं, समजूत जगभर फिरत आमच्या व्याह्यांपर्यंत आली.

समजुतीला आधार नाही असं मात्र नाही. कॅरोटिनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं आणि डोळ्याच्या पडद्याला मंद उजेडात पाहायला ते लागतं. ते अगदी कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. आपल्याकडे लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याची राष्ट्रीय योजना 1970 साली सुरू झाली ती याचसाठी. पण उणीव भरून काढणं वेगळं आणि भरलेल्या घड्यात आणखी ओतणं वेगळं. चष्मा लागतो तो बहुधा नेत्रगोलाच्या लांबीमुळे किंवा वळणामुळे. गोलाची लांबी रसाने कमी होत नाही. शिवाय हिशेब पाहा. शंभर ग्रॅम नारिंगी गाजरात साधारण आठ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, आणि अन्नातल्या बारा भागांतून ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक भाग मिळतो असं धरतात. म्हणजे पाऊणशे-शंभर ग्रॅमच्या एका गाजरातच दिवसाच्या गरजेचा मोठा हिस्सा निघतो. अर्धा किलो पिळून कुणाची सोय होते, भाजीवाल्याची सोडून, मला कळत नाही. आणि थंडीत येणारं लालभडक गाजर ‘जास्त लाल म्हणून डोळ्यांना जास्त चांगलं’, हेही नव्हे. तो लाल रंग टोमॅटोत असतो तो लायकोपीन, आणि लायकोपीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनतच नाही.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला मान्य नाहीत. रस म्हणजे नुसती साखर, किंवा रसाने माणूस दगावतो, असं सांगणारे. 1974 साली लंडनच्या क्रॉयडनमध्ये एक आरोग्यवेडा गृहस्थ गाजराचा रस पिऊन मेला, ही गोष्ट ते सांगतात. पण त्याने त्याच दिवसांत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा प्रचंड मारा केला होता, हे सांगायचं विसरतात. यकृताला घातक ठरतं ते तयार ‘अ’ जीवनसत्त्व. कॅरोटिनचं रूपांतर शरीर गरजेपुरतंच करतं. उरलेलं कातडीखाली साठतं आणि तळहात पिवळे दिसू लागतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहिला तर ती कावीळ नव्हे. रस थांबवला की रंग हळूहळू उतरतो.

तेव्हा रस काढायचाच असेल तर असा काढा. दोन-तीन गाजरं माती जाईपर्यंत खसखसून धुवा, तुकडे करून थोड्या पाण्यात मिक्सरमधून काढा आणि गाळू नका. फारच दाट वाटला तर पाणी वाढवा. चोथ्यात तंतू तर असतातच, कॅरोटिनचाही बराच वाटा तिथेच अडकून राहतो. गाळलाच, तर चोथा कणकेत किंवा थालीपिठाच्या भाजणीत घाला. लिंबू पिळा. काढला की लगेच प्या, तोही न्याहारीबरोबर, पोह्यांच्या बशीशेजारी. उरलेला बाटलीत भरून बाहेर ठेवू नका: संत्र्या-मोसंबीच्या रसाला त्याचं आम्ल राखतं, गाजराचा रस जवळपास बिनआंबट असतो आणि त्यात जंतू फोफावतात. 2006 साली अमेरिकेत आणि कॅनडात बाटलीबंद गाजररस पुरेसा थंड न राहिल्याने काही जणांना बोटुलिझमची विषबाधा झाली होती.

आमच्या व्याह्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. ग्लास आता ते पोह्यांबरोबर घेतात, गाळत मात्र अजून आहेत. चष्म्याचा नंबर गेल्या महिन्यात तपासला. होता तेवढाच आहे.