सदन आणि संतती

मराठीत 'घर' हा शब्द भिंती आणि छप्पर एवढ्यापुरता कधीच राहिलेला नाही. घर मांडणे म्हणजे संसार थाटणे, घराणे म्हणजे वंश, आणि घर बुडाले म्हणजे मागे नाव लावणारे कोणी उरले नाही. मंदिराच्या अंतर्भागाला 'गर्भगृह' म्हणणाऱ्या परंपरेलाही गर्भ आणि गृह एकमेकांपासून दूर वाटत नव्हते. त्यामुळे बायबलातील गृहबांधणीचे रूपक मराठीत आले तेव्हा ते अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. अपरिचित होते ते त्या रूपकाने पुढे घेतलेले वळण.

हिब्रू भाषेत बांधणे या अर्थाचा 'बाना' हा धातू आणि पुत्र या अर्थाचा 'बेन' हा शब्द ध्वनीने अगदी जवळचे आहेत. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी ही जवळीक त्या ग्रंथात वारंवार अर्थपूर्ण होते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव आदामाच्या फासळीची स्त्री करतो, तेथे मूळ क्रियापद 'बांधणे' हेच आहे. अपत्यहीन साराय आपली दासी हागार नवऱ्याच्या स्वाधीन करते, ती तिच्याद्वारे आपण 'बांधली जाऊ' या आशेने. (हागारला मात्र कोणी काही विचारले नाही.) रूथच्या विवाहप्रसंगी वेशीवरचे लोक राहेल आणि लेआ यांचे स्मरण करतात, कारण इस्राएलाचे घर त्या दोघींनी बांधले. दावीद देवासाठी मंदिर बांधू पाहतो, तर नाथान संदेष्ट्याकरवी उलट निरोप येतो की देवच दावीदाचे घर, म्हणजे त्याचा राजवंश, उभारील. १२७ वे स्तोत्र घरबांधणीपासून निघते आणि मुलाबाळांशी येऊन थांबते. हा दुवा ज्याच्या ध्यानात येत नाही त्या वाचकाला ती दोन वेगळी स्तोत्रे वाटतात.

नव्या करारात या कल्पनेचा रोख बदलतो. पौल मानवी देहालाच तंबूसारखे तात्पुरते घर मानतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंत हे जिवंत दगड होतात आणि त्यांचे मिळून एक आत्मिक घर रचले जाते. म्हणजे घर वाढण्यासाठी आता रक्ताच्या नात्याची अट उरली नाही. धर्मचर्चेत हा विचार सोपा आहे. तो व्यवहारात काय मागतो आणि काय देतो, हे पाहण्याजोगा प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यप्रांतात आला.

मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथे कलकत्त्याच्या मार्गाला मिळाला होता. रेल्वेने धान्य येऊ लागले म्हणजे दुष्काळ हटेल, या समजुतीला १८९६-९७ मध्ये तडा गेला. धान्य आणता येत होते, पण ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. जबलपूर हा त्या वर्षी सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. अशा काळात कर्ता पुरुष कामाच्या शोधात जातो, म्हातारी माणसे वाटेत पडतात, आणि मुली कोणाच्याच राहत नाहीत. घर बुडणे हा वाक्प्रचार तेथे अक्षरशः खरा झाला.

या दुष्काळग्रस्त मध्यप्रांतात पंडिता रमाबाई गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना आश्रय देण्याचा त्यांनी निश्चय केला. त्यांना स्वतःला घर असे फार थोडे लाभले होते. १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यातील ज्या आश्रमात त्यांचा जन्म झाला, तो त्या काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने सोडला. आईवडील आणि थोरली बहीण यांना त्यांनी अशाच एका दुष्काळात गमावले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. संस्थेच्या नावात 'सदन' आले ते पुढे सुटले नाही: मुक्तिसदन, कृपासदन, प्रीतिसदन.

पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे या मुलींना शहरात ठेवता येईना. त्यांना केडगावच्या माळावर नेण्यात आले. तेथे रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन फळझाडे लावली होती. आरंभी निवारा होता तो गवताच्या झोपड्यांचा. पक्क्या इमारती मागाहून उठल्या, आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती हजारांत गेली. तेथे घर आधी माणसांचे झाले, दगडाचे नंतर. रूपकातला क्रमही हाच आहे.

या घराला एक उंबरठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या वादातून १८९३ मध्येच रानडे आणि भांडारकर शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. केडगावात तर तो धर्म उघडच घराचा पाया होता. उपासमारीने पिचलेल्या मुलीपुढे निवड अशी कितपत उरते, हा टीकाकारांचा प्रश्न रास्तच होता. परंतु विधवेला मूल नसेल तर तिचे घर संपले असे मानणाऱ्या समाजाने त्या मुलींसाठी दुसरे कोणते दार उघडे ठेवले होते, याचे उत्तर त्या टीकेत सापडत नाही. वाचणे, विणणे, शेती, छपाई अशी कामे या मुली शिकल्या. काहींनी संसार मांडले, काही अध्यापिका झाल्या.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत समग्र बायबल उतरवण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालवले. साराय, राहेल, रूथ यांच्या कथांमधून वावरताना 'बांधणे' या क्रियापदाशी त्यांची गाठ पुन्हा पुन्हा पडली असणार. त्यांचे एकुलते अपत्य मनोरमा अविवाहित राहून आईच्याच कामात होती. जुलै १९२१ मध्ये ती वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांच्या मागे रक्ताचा वारस उरला नाही. केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले त्यांचे बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.