पेंग्विनचं हवामान

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना कोपेनच्या हवामान वर्गीकरणाची अक्षरं तोंडपाठ असतात. ए उष्ण-दमट, बी कोरडं, सी समशीतोष्ण, डी कडक थंडीचं, ई ध्रुवीय. मात्र ही अक्षरं झाडांच्या पोटी जन्मली, हे घोकताना कुणी सांगत नाही.

व्लादिमिर कोपेन १८४६ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मला आणि क्रिमियात शिकला. दक्षिणेचा उबदार किनारा, मग संपता न संपणारी गवताळ माळरानं, शेवटी उत्तरेची सूचिपर्णी अरण्यं, हे सारं त्याने पोरवयातल्या प्रवासातच पाहिलं. पुढे हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत आकडे जमवतानाही त्याचं लक्ष झाडांवरच.

चौकट त्याला आयती मिळाली. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल याने १८७४ मध्ये वनस्पतींचे पाच गट पाडले होते. कोपेनने ते क्रमासकट उचलले. तापमानाच्या उतरंडीत मध्येच कोरडा 'बी' कुठून घुसला, तर द कांदोलच्या यादीत दुष्काळ सोसणारी झाडं दुसऱ्या जागी होती म्हणून! 'ई'ची सीमाही झाडांनीच आखली. वर्षातल्या सर्वांत उबदार महिन्याची सरासरी १० अंशांवर जात नाही, साधारण तिथेच झाडं उगवायची थांबतात.

१९०० साली त्याने या हवामानांना दिलेली नावं तर झकास होती: बाओबाबचं हवामान, कॅमेलियाचं, मक्याचं, याकचं, ध्रुवीय कोल्ह्याचं, पेंग्विनचं. १९१८च्या सुधारित मांडणीपासून अक्षरांचंच राज्य सुरू झालं. सोय झाली खरी, पण चव गेली. मुंबईचं आजचं 'एडब्ल्यू', म्हणजे कोरड्या हिवाळ्याचं 'ए', हे तेच बाओबाबचं हवामान. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, म्हणजेच बाओबाब, मुंबईत मजेत उभी आहे, ती उगीच नाही.

'बी'त कोण जाणार, हे नुसत्या पावसावर ठरत नाही. सोलापूर घ्या. वर्षाचं सरासरी तापमान साधारण २७ अंश. त्याला २० ने गुणायचं आणि पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत पडतो म्हणून २८० मिळवायचे. आली ८२० मिलिमीटरची सीमा; पाऊस तिच्याहून कमी, तर हवामान 'बी'. सोलापूरचा पाऊस तिच्याहून कमी, म्हणून ते निमकोरडं. लंडनला तर सोलापूरपेक्षाही कमी पाऊस पडतो. पण तिथल्या गारव्यात पाण्याची वाफ कमी होते, त्यामुळे ते 'सी'त बसतं आणि ओक तिथे खुशाल वाढतो.